गेरू, पिवडी आणि काळा ऑक्साइड : ऐंशी टनी रोबॉटवर गंज चढवण्याच्या साहित्याचे परीक्षण

टेबलावर खेळायच्या युद्धखेळांतील लघुप्रतिमा रंगवणाऱ्यांमध्ये असा समज रुजलेला आहे की मूळ रंगकाम आटोपल्यानंतर यंत्रावर गंज, ओघळ, काजळी आणि चिखल चढवायचा असेल तर त्यासाठी खास बाटलीबंद रंगपूडच घ्यावी लागते. ही पूड साधारण ३५ मि.लि.च्या छोट्या बाटलीत मिळते. व्हॅलेहो आणि एके इंटरॅक्टिव्ह या दोन स्पॅनिश कंपन्यांची पूड सर्वांत परिचित आहे, पण आपल्याकडे ती मागवून घ्यावी लागते आणि गंजाच्या तीन-चार छटा घ्यायच्या म्हटले की खर्च रोबॉटच्या किमतीकडे झुकू लागतो. प्रस्तुत परीक्षण त्या बाटल्यांना पर्याय म्हणून वापरलेल्या, कोल्हापूरच्या बाजारात कधीही मिळणाऱ्या तीन भुकट्यांचे आहे : पूजासाहित्याच्या दुकानातला गेरू, भिंतीच्या रंगाची पिवडी आणि फरशीच्या कोब्यात मिसळायचा काळा ऑक्साइड. माझा निर्णय आधीच सांगतो. लोखंडाच्या गंजासाठी ही तीन द्रव्ये बाटलीबंद पुडीच्या बरोबरीची आहेत, जुन्या आणि जाड गंजासाठी तर मला ती अधिक समाधानकारक वाटली. मात्र कोरड्या, फिकट धुळीसाठी अजूनही बाटलीच सरस आहे.

ज्या रोबॉटवर हे साहित्य वापरले, तो 'बॅटलटेक' या खेळातील 'ऑसम' नावाचा ऐंशी टनी रोबॉट आहे. हा खेळ अमेरिकेतील फासा या कंपनीने १९८४ साली 'बॅटलड्रॉइड्स' या नावाने काढला आणि पुढच्याच वर्षी त्याला आजचे नाव मिळाले. सध्या तो कॅटॅलिस्ट गेम लॅब्ज प्रकाशित करते. त्यांच्या २०१९ च्या 'अ गेम ऑफ आर्मर्ड कॉम्बॅट' या पेटीत आठ रोबॉट मिळतात. ते करड्या प्लास्टिकचे, आधीच जोडलेले आणि षटकोनी बैठकीवर उभे केलेले असतात. ऑसम हा त्यांतला सर्वांत रुंद खांद्यांचा आणि अंगावर सपाट पत्रे बाळगणारा रोबॉट असल्यामुळे गंज आणि ओघळ यांना त्याच्यावर पुरेशी जागा मिळते, आणि परीक्षणासाठी त्याची निवड मुख्यतः याच कारणाने केली.

दुसरे कारण खेळाच्या नियमांत आहे. बॅटलटेकमध्ये प्रत्येक रोबॉटची उष्णता मोजली जाते. ऑसमच्या मूळ आवृत्तीवर तीन पीपीसी, म्हणजे कणांचा झोत फेकणाऱ्या, तोफा आहेत. त्यांपैकी एक उजव्या हातात आहे आणि दोन छातीच्या दोन बाजूंना आहेत. प्रत्येक तोफ डागली की १० एकक उष्णता निर्माण होते आणि चालण्याची आणखी १ एकक त्यात मिळते. ती बाहेर टाकण्यासाठी अंगात २८ उष्णताशोषक बसवलेले आहेत. म्हणजे चालत चालत तिन्ही तोफा एकाच फेरीत डागल्या तर ३१ मधून २८ निघून जातात आणि ३ शिल्लक राहतात. खेळणाऱ्याला हा हिशेब तोंडपाठ असतो आणि म्हणूनच या रोबॉटच्या तोफांची तोंडे भाजलेली दिसावीत, अशी त्याची साहजिक अपेक्षा असते. रोबॉट काय काम करतो, हे त्याच्या अंगावरच्या खुणांनी सांगितले पाहिजे, आणि साहित्य चांगले की वाईट हे मी याच कसोटीवर ठरवले आहे.

अस्तर आणि मूळ रंग याविषयी थोडक्यातच सांगतो, कारण त्यात स्थानिक पर्यायांचा आग्रह धरण्यासारखे काही नाही. साच्याच्या दोन भागांच्या सांध्यावर उमटलेली बारीक रेघ पात्याच्या उलट्या कडेने खरवडून काढावी. ती राहिली तर पूड नेमकी तिथेच जाऊन बसते आणि नसलेला सांधा दिसू लागतो. अस्तराचा फवारा पावसाळ्यात मारू नये. जुलैमध्ये कोल्हापूरच्या हवेत इतका दमटपणा असतो की फवाऱ्याचे कण पृष्ठभागावर एकसंध बसण्याऐवजी भुरभुरीत होतात आणि पांढरट झाक येते. त्या दिवसांत कुंचल्याने लावायचे पाण्यातले अस्तर घरात बसून दोन पातळ हातांत लावणे केव्हाही चांगले. मूळ रंगासाठी व्हॅलेहोचे मॉडेल कलर हे अ‍ॅक्रिलिक रंग वापरले आणि त्याबद्दल तक्रारीला जागा नाही. त्यातील रंगद्रव्य बारीक दळलेले असते, थेंबाथेंबाने रंग काढता येतो आणि पाण्याने पातळ केल्यावरही झाकण्याची ताकद टिकते. कापडावर रंगवण्यासाठी बनवलेल्या सर्वसाधारण अ‍ॅक्रिलिक रंगांचा थर या मापाच्या प्रतिमेवर जाड बसतो आणि पत्र्यांमधल्या खाचा बुजतात, म्हणून एवढ्या खर्चात काटकसर करू नये. अंगाला फिकट हिरवट करडा रंग दिला, कारण तांबूस गंज हिरवटपणावर सर्वांत ठळक उठतो. खाचांमध्ये सिटाडेल या रंगांच्या ब्रँडचे नल्न ऑइल सोडले. हे पातळ काळे द्रव्य खाचांत आपोआप ओढले जाते आणि दोन पत्र्यांमधील सीमा स्पष्ट होते. सपाट भागावर त्याचे डबके राहिले तर ते ओले असतानाच कोरड्या कुंचल्याने टिपून घ्यावे.

आता रंग उडाल्याच्या खुणांकडे, म्हणजे टवक्यांकडे येऊ. या मापात होणारी सर्वांत मोठी गफलत प्रमाणाची असते. बॅटलटेकचे रोबॉट प्रत्यक्ष कल्पिलेल्या आकारापेक्षा पावणेतीनशे पटींच्या आसपास लहान असतात. म्हणजे प्रतिमेवरचा १ मि.मी.चा टवका प्रत्यक्षात जवळजवळ एक फुटाचा होतो. स्पंजच्या तुकड्याने मारलेले ठिपके मोठ्या प्रतिमेवर शोभतात, पण इथे त्यांनी रोबॉटला देवी आल्यासारखे दिसते. त्यामुळे स्पंज फक्त नडग्या आणि पाऊल एवढ्यापुरता ठेवून बाकीच्या कडांवर ६बी शिसपेन्सिलीचे टोक आडवे धरून हलकेच फिरवले. ग्रॅफाइटची चमक उघड्या पोलादासारखी दिसते, रेघ केसाइतकी बारीक निघते आणि मनासारखी नसेल तर खोडताही येते. पेन्सिल हे या संपूर्ण यादीतले सर्वांत स्वस्त साधन आहे आणि टवक्यांच्या कामात मला त्याला तोड दिसली नाही. मात्र त्यावर चकचकीत किंवा मॅट, कोणतेही व्हार्निश चढले की ग्रॅफाइटची धातूसारखी झळाळी बरीच मंदावते, म्हणून पेन्सिल शेवटच्या व्हार्निशनंतर पुन्हा एकदा फिरवावी लागते.

टवके कुठे असावेत हे समजून घ्यायला कोल्हापूरकराला पुस्तक उघडावे लागत नाही. शिवाजी उद्यमनगरातल्या कोणत्याही गल्लीत दुपारी उभे राहून पाहावे. लेथच्या बेडवर, जिथे कॅरेज रोज सरकते, तिथे बिडाचा पृष्ठभाग तेलकट आणि आरशासारखा असतो. त्याच यंत्राच्या पायाशी, जिथे कोणाचा हात जात नाही आणि फरशी धुतलेले पाणी साचते, तिथे रंगाचे पोपडे सुटून खालून तांबूस थर डोकावतो. शिरोलीच्या रस्त्याला उभ्या असलेल्या जेसीबीच्या बकेटचे दात मातीने घासून पांढरेफेक झालेले असतात आणि बकेटच्या आतल्या वरच्या कोपऱ्यात मात्र कारखान्याचा पिवळा रंग जसाच्या तसा राहिलेला असतो. उसाच्या ट्रॉलीच्या फळ्यांवरचे ओरखडे आडवे आणि समांतर असतात, कारण मोळ्या एकाच दिशेने ओढल्या जातात. ऑसमवर याचा अर्थ असा की त्याच्या उजव्या हाताची तोफ, गुडघ्यांचे सांधे आणि तळपाय हे चकाकले पाहिजेत. गंज मात्र खांद्यांच्या पत्र्यांखाली, पाठीच्या जाळीभोवती आणि खिळ्यांच्या डोक्यांशी असायला हवा. सगळ्या कडांवर सारखाच गंज लावलेला रोबॉट भंगारातून उचलून आणल्यासारखा दिसतो, आणि ऑसम तर अजून लढाईत आहे.

गेरूचे परीक्षण इथून सुरू होते. गेरू ही लोहयुक्त मृदू माती आहे आणि तिचा लाल रंग हेमॅटाइट या लोहाच्या ऑक्साइडमुळे येतो. पिवडीचा पिवळेपणा लोहाच्या जलयुक्त ऑक्साइडांमुळे असतो आणि चांगल्या प्रतीच्या काळ्या ऑक्साइडमध्ये मॅग्नेटाइट असते. म्हणजे तिन्ही द्रव्ये लोहाच्याच ऑक्साइडांची आहेत. खऱ्या गंजाच्या थरातही वरच्या बाजूला पिवळट आणि नारिंगी जलयुक्त ऑक्साइडे असतात आणि धातूलगत काळपट थर असतो. त्यामुळे या तीन भुकट्या एकत्र केल्यावर रंग खोटा वाटत नाही. बाटलीबंद पुडीतही मुख्यतः हीच रंगद्रव्ये असतात. फरक पडतो तो दळण्याच्या बारकाईत आणि छटांच्या नेमकेपणात.

बाजारातला गेरू ढेकळांच्या किंवा जाडसर पुडीच्या रूपात मिळतो आणि तो तसाच वापरला तर त्यातली वाळू या मापावर दगडांसारखी दिसते. खलात घोटून तो वस्त्रगाळ करावा लागतो. धोतराच्या जुन्या मऊ कापडातून एकदा आणि स्टॉकिंगच्या घट्ट विणीतून दुसऱ्यांदा गाळल्यावर जी पूड हाती येते, ती बोटांत चोळली की रवाळपणा जाणवत नाही आणि बोटांच्या रेषांत रंग बसतो. तेवढी बारीक झाली की ती वापरण्याजोगी समजावी. हे काम करताना नाकातोंडावर मास्क असलाच पाहिजे. माती असली तरी इतकी बारीक धूळ फुप्फुसात जाणे बरे नाही. घोटण्यापूर्वी आणखी एक तपासणी करावी. चिमूटभर गेरू पांढऱ्या कागदावर ठेवून त्यावर पाण्याचे दोन थेंब सोडावेत. शुद्ध गेरूचे कण जागीच राहतात आणि भोवतीचे पाणी जवळजवळ स्वच्छ पसरते. पाण्याबरोबर गुलाबी किंवा नारिंगी वर्तुळ पुढे सरकले तर त्यात कृत्रिम रंग मिसळलेला आहे. असा गेरू टाळावा, कारण तो खालच्या रंगात उतरतो आणि नंतर पुसता येत नाही. एका दुकानातून घेतलेली पुडी या तपासणीत नापास झाली. दुसऱ्या दुकानातला ढेकळांचा गेरू मात्र निर्मळ निघाला आणि तेव्हापासून पुडीपेक्षा ढेकळे घेण्याकडेच माझा कल आहे.

नुसता गेरू लावला तर गंज खोटा दिसतो, हे स्पष्टपणे सांगायला हवे. त्याचा लाल रंग वीटकरी असतो. ताजा गंज त्यापेक्षा नारिंगी आणि जुना गंज कितीतरी काळसर असतो. ताज्या गंजासाठी दोन भाग पिवडीत एक भाग गेरू मिसळावा. जुन्या गंजासाठी गेरूत चिमटीचिमटीने काळा ऑक्साइड घालत जावे आणि मिश्रण भाजलेल्या कॉफीच्या रंगाकडे झुकले की थांबावे. काळा ऑक्साइड फार जोरकस असतो. तो थोडा जास्त झाला की सगळी पूड मेलेली, राखाडी दिसते आणि मग कितीही गेरू घातला तरी तिला जीव येत नाही. लावताना आधी गडद मिश्रण खाचेच्या तळाशी बसवावे आणि त्याच्या मधोमध, अगदी टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेत, नारिंगी मिश्रण टेकवावे. खांद्याच्या पत्र्याखालच्या सांध्यात अशी दोन पुटे बसवल्यावर तिथे जी खोली दिसली, ती एका छटेच्या तयार पुडीने आलेली नव्हती. जुन्या गंजाबाबत बाजारातल्या या भुकट्यांना मी वरचा क्रमांक देतो तो यामुळेच. आपण स्वतः मिसळतो तेव्हा प्रत्येक सांध्याचा गंज थोडा वेगळा येतो आणि लोखंडही तसेच गंजते.

पूड धरून ठेवण्यासाठी खालचा पृष्ठभाग खरखरीत लागतो, म्हणून आधी मॅट व्हार्निशचा एक हात द्यावा. पूड जागेवर ठेवून पातळ कुंचल्याने तिच्या कडेला व्हाइट स्पिरिटचा, म्हणजे तेलरंग पातळ करायच्या खनिज द्रावाचा, थेंब टेकवला की तो आपोआप पुडीत शिरतो आणि उडून गेल्यावर पूड जागच्या जागी धरलेली राहते. थेंब टेकवल्यावर रंग एकदम गडद होतो, पण वाळल्यावर तो पुन्हा उजळतो, त्यामुळे ओला रंग पाहून निर्णय घेऊ नये. बाटलीबंद पूड या टप्प्यावर थोडी अधिक घट्ट धरते, हे मान्य केले पाहिजे. कणांच्या एकसारखेपणामुळे हे होत असावे. गेरूचे जरासे मोठे राहिलेले कण बोट लागल्यावर सुटतात. खेळाची प्रतिमा वारंवार उचलली जाते, म्हणून जिथे बोटे लागतात त्या खांद्यांच्या वरच्या भागावर पूड न वापरता तेलरंगाचे ओघळ काढणे मला योग्य वाटते.

त्यासाठी कॅमलचे कलाकारांसाठीचे तेलरंग पुरेसे ठरले. दांडेकरांनी सुरू केलेली कॅम्लिन ही कंपनी १९३१ पासून आपल्या घराघरांत आहे. तिचा बर्न्ट अंबर आणि बर्न्ट सिएना चित्रकलेचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत सहज मिळतो. हे दोन्ही रंग मूळचे भाजलेल्या लोहयुक्त मातीचे, म्हणजे गेरूच्याच कुळातले, असल्याने पुडीशी त्यांचे नाते आपोआप जुळते. पत्र्याच्या वरच्या कडेला बर्न्ट अंबरचा सुईच्या टोकाएवढा ठिपका ठेवावा, दहा-पंधरा मिनिटे थांबावे आणि व्हाइट स्पिरिटमध्ये बुडवून जवळजवळ कोरड्या केलेल्या चपट्या कुंचल्याने तो सरळ खाली ओढावा. ओघळ वर रुंद आणि खाली विरत गेलेला हवा. तेलरंग तासन्‌तास ओला राहतो, त्यामुळे चुकलेला ओघळ पुसून पुन्हा काढता येतो. अ‍ॅक्रिलिक ही सवड देत नाही. टर्पेंटाइन प्लास्टिकला आणि खालच्या रंगाला त्रासदायक ठरू शकते, म्हणून व्हाइट स्पिरिटच घ्यावे आणि खालचा अ‍ॅक्रिलिक रंग निदान एक दिवस वाळू द्यावा.

तोफांच्या तोंडांवरच्या उष्णतेच्या खुणांसाठी या भुकट्यांचा उपयोग नाही, कारण तिथे गंज नसतो. पोलाद तापले की त्यावर अत्यंत पातळ ऑक्साइडचा पडदा धरतो आणि त्याच्या जाडीप्रमाणे रंग बदलत जातात. साधारण २२५ अंश सेल्सियसला गवती पिवळा, २८० च्या सुमारास जांभळा आणि ३०० च्या आसपास निळा रंग येतो. छिन्नीला पाणी देणारा लोहार हेच रंग धारेकडे सरकताना पाहतो आणि नेमक्या क्षणी ती पाण्यात बुडवतो. ऑसमच्या तोफेवर हा क्रम उलगडताना तोंडाशी काळपट करडा, मग निळा, त्यामागे जांभळा आणि सर्वांत मागे गवती पिवळा असे पारदर्शक, पातळ पट्टे द्यावेत. बऱ्याच रंगवलेल्या प्रतिमांत हा क्रम उलटा झालेला दिसतो आणि ज्याने एकदा भट्टीपाशी उभे राहून पाहिले आहे त्याला ते लगेच खटकते. सर्वांत शेवटी तोंडाच्या आतल्या कडेला काळ्या ऑक्साइडची किंचित पूड फुंकरीने उडवून बसवली. काजळीचा मऊ विरणारा काठ कुंचल्याने काढलेल्या काळ्या रंगाला साधत नाही, तो या पुडीने सहज आला.

पायांवरच्या चिखलात कोल्हापूर जिल्ह्याइतकी सोय फार थोड्या ठिकाणी असेल. पन्हाळा आणि राधानगरीच्या बाजूची जांभ्याची माती तांबडी, शिरोळ आणि हातकणंगल्याच्या बाजूची काळी. बैठकीवर जी माती दाखवली आहे तीच पायांवर यावी, एवढे पथ्य पाळावे लागते. तांबड्या मातीची बैठक केली तर पायांवरचा गंज आणि चिखल एकमेकांत मिसळून ओळखू येत नाहीत, म्हणून गंज दाखवायचा असेल तर बैठक काळ्या मातीची करावी. याशिवाय बॅटलटेकच्या षटकोनी घरांच्या पटावर पाण्याचे षटकोनही असतात. एक पातळी खोल पाण्यात उभ्या राहिलेल्या रोबॉटच्या पायांतील उष्णताशोषक अधिक उष्णता बाहेर टाकतात, म्हणून तिन्ही तोफा डागणारा ऑसम पाण्यात उभा करणे ही शहाणपणाची चाल असते. अशा रोबॉटच्या पायांवर पाण्याची रेषा हवी. ती कशी असते हे २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर पंचगंगेकाठच्या भिंतींवर आपण सर्वांनी पाहिले आहे. ती रेषा तंतोतंत आडवी असते, वरचा काठ स्पष्ट आणि खाली गाळाचा फिकट, सारखा पापुद्रा. दोन्ही पायांवर तिची उंची सारखी असावी, मग पाय वाकलेला असो वा सरळ. पिवडीत थोडा काळा ऑक्साइड आणि बरीचशी खडूची पूड मिसळून हा गाळ साधण्याचा प्रयत्न केला, परंतु खडूमुळे पृष्ठभाग पिठूळ झाला आणि व्हार्निशनंतर तो जवळजवळ नाहीसा झाला. या कामी फिकट मातीच्या रंगाची तयार पूड किती तरी चांगली बसते, आणि माझ्या मते पैसे खर्च करायचेच असतील तर ते याच एका बाटलीवर करावेत.

व्हार्निशचा प्रश्न सर्व पुडींना सारखाच छळतो. फवाऱ्याने पूड उडते आणि जी उरते ती गडद होते. म्हणून खांदे, हात आणि पाठ यांना ओघळ काढून झाल्यावरच मॅट व्हार्निश द्यावे आणि पूड त्यानंतर, फक्त खोल खाचांत आणि पायांवर लावावी. खेळताना रोबॉट नेहमी बैठकीला धरून उचलावा. पायांवरची पूड काही महिन्यांनी थोडी झडेल, तेव्हा डबीतली उरलेली चिमूटभर पूड पुन्हा लावावी. गाळलेला गेरू काचेच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत, तांदळाचे चार दाणे टाकून ठेवला तर पावसाळ्यातही गोळे धरत नाही.

पेटीतल्या उरलेल्या रोबॉटांपैकी थंडरबोल्ट आणि बॅटलमास्टर यांच्यासाठी हेच साहित्य मी डोळे झाकून सुचवीन, कारण त्यांचेही पत्रे जाड आणि सांधे खोल आहेत. वीस टनी लोकस्टसाठी मात्र गेरू बाजूला ठेवावा. तो धावणारा रोबॉट आहे. एका फेरीत बारा षटकोनांपर्यंत तो पळतो आणि त्याच्या अंगावर गंज धरायला वेळ मिळत असेल असे वाटत नाही. त्याच्या पोटऱ्यांच्या मागच्या बाजूला उडालेला चिखल आणि वर फिकट धूळ एवढेच पुरे. चिखलाला काळी माती आणि धुळीला ती एक विकतची बाटली वापरावी.